आरोग्य भाड्याने मिळत नाही

चेन्नईत नोकरीला येणाऱ्या मराठी मुलामुलींना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. ओएमआरवर घर बघा, आणि जिम, स्विमिंग पूल, जॉगिंग ट्रॅक असलेली सोसायटीच बघा. भाडे चार-पाच हजारांनी जास्त असले तरी कुरकुर करू नका, तब्येतीसाठीच तर खर्च होतोय. आधी येऊन रुळलेले सहकारी हे सांगतात, दलाल सांगतात, पुण्या-नाशकाहून आईवडीलही फोनवर हेच सांगतात. ऐकणाऱ्याला त्यात खोट दिसत नाही, कारण आरोग्याचे नाव घेतले की वाद मिटतो. मला मात्र या सल्ल्याची चीड येते. तो भाडेकरूचा खिसा हलका करतो, नसलेल्या हक्काचे समाधान देतो आणि ज्या रस्त्यांवर, मैदानांवर शहराची तब्येत घडायला हवी त्यांच्याकडे पाठ फिरवायला शिकवतो.

ओएमआर म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता. २००० साली तरमणीला टायडेल पार्क सुरू झाले आणि पुढच्या दोन दशकांत पेरुंगुडी, तोरैपाक्कम, शोलिंगनल्लूर, नावलूर, सिरुसेरी असा हा सगळा पट्टा आयटी कंपन्यांनी आणि त्यांच्या मागोमाग उभ्या राहिलेल्या टोलेजंग सोसायट्यांनी भरून गेला. त्या सोसायट्यांतली कितीतरी घरे मालकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेली आहेत आणि त्यांत आपल्यासारखे भाडेकरू राहतात. जिम-पूलच्या आमिषाचा खरा ग्राहक हा भाडेकरूच आहे.

या सल्ल्याच्या समर्थकांचे म्हणणे आधी जसेच्या तसे मांडतो. ते म्हणतात, बाहेरच्या जिमला पैसे भरण्यापेक्षा भाड्यात जिम मिळाली तर बचतच होते. ते म्हणतात, सोय दाराशी असली की माणूस व्यायाम करतो, लांब असली की टाळतो. चेन्नईच्या उन्हात आणि घामात बाहेर कोण चालणार, असे ते विचारतात. बाईमाणसाला रात्री नऊला रस्त्यावर धावता येते का, असेही विचारतात. आणि शेवटी म्हणतात, महापालिकेकडून काही होणार नाही हे ठाऊक असताना आपण आपली सोय का करून घेऊ नये? पाचही मुद्दे ऐकायला सरळ आहेत. एकेक तपासून पाहू.

पहिला मुद्दा बचतीचा. जिम असलेल्या सोसायटीतले आणि तेवढ्याच खोल्यांच्या साध्या इमारतीतले भाडे यांत पाच हजारांचा फरक धरा. वर्षाला साठ हजार झाले. चेन्नईत दहा महिन्यांच्या भाड्याएवढा ‘ॲडव्हान्स’ घेण्याची जुनी रीत आहे. राज्याचा २०१७ चा भाडेकरार कायदा २२ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला आणि वेगळा करार नसेल तर अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेऊ नये असे त्यात म्हटले आहे. तरी दहा महिन्यांची मागणी आजही सर्रास होते, आणि घराची गरज असलेला माणूस वेगळ्या करारावर मुकाट सही करतो. म्हणजे पाच हजारांच्या त्या फरकापायी आणखी पन्नास हजार रुपये मालकाकडे बिनव्याजी अडकले. मग येतो मेंटेनन्स. तो चौरस फुटावर आकारला जातो, आणि तो चौरस फूट सुपर बिल्टअपचा असतो. बाराशे फुटांचे म्हणून जे घर दाखवले जाते त्यात जिना, लॉबी, लिफ्ट आणि क्लबहाऊस यांचा हिस्सा मिळवलेला असतो. २०१६ च्या रेरा कायद्याने घर विकताना कार्पेट क्षेत्रफळ सांगायची सक्ती केली, भाड्याने देताना तशी सक्ती नाही. फुटाला चार रुपये दर धरला तर बाराशे फुटांचे महिन्याला ४,८०० रुपये होतात, आणि त्यातला एक भाग तुम्ही कधी पाऊल न ठेवलेल्या क्लबहाऊसच्या जमिनीचा असतो. शिवाय तमिळनाडूत सप्टेंबर २०२२ मध्ये सोसायटीच्या सामायिक विजेसाठी वेगळी वर्गवारी आली आणि दर युनिटला आठ रुपये ठरला. पुढे दहा किंवा त्याहून कमी घरांच्या, लिफ्ट नसलेल्या लहान इमारतींना त्यात सवलत मिळाली. ज्यांच्याकडे लिफ्ट आहे आणि वातानुकूलित जिम आहे त्यांना ती मिळाली नाही.

आता या सगळ्या रकमेशेजारी गल्लीतल्या साध्या जिमची वर्षाची वर्गणी ठेवून बघा. तिथे महिनाभर गावी गेलात तर वर्गणी थांबवता येते, दुखापत झाली तर सोडता येते. भाड्यातली जिम सोडता येते का? मला व्यायामशाळा नको, तेवढे पैसे कमी करा, असे सांगितल्यावर कोणता घरमालक ऐकतो? ज्या घरातली चारही माणसे रोज तिथे व्यायाम करतात त्यांचा हिशेब कदाचित जुळेल. बाकीच्यांसाठी ही बचत नाही. न वापरलेल्या वस्तूचे दर महिन्याला न चुकता भरायचे पैसे आहेत ते.

दुसरा मुद्दा दाराशी असलेल्या सोयीचा. सोय दाराशी आहे खरी, पण ती कोणाची आहे? सदनिकांच्या असोसिएशनमध्ये सभासद मालक असतात. १९९४ चा तमिळनाडूचा अपार्टमेंट मालकी कायदा असो की त्याच्या जागी आलेला २०२२ चा, दोन्ही कायदे मालकीच्या पायावर उभे आहेत. महिन्याचा मेंटेनन्स बहुतेक घरांत भाडेकरू भरतो, पण सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही. ट्रेडमिल कधी दुरुस्त करायची, पूल कोणत्या वेळेत उघडायचा, अविवाहित मुलांना क्लबहाऊसमध्ये घ्यायचे की नाही, भाडेकरूच्या प्रवेशपत्राला वेगळे शुल्क लावायचे की नाही, हे सगळे त्याच्या पाठीमागे ठरते. मी राहिलो त्या एका सोसायटीत दोन ट्रेडमिलवर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशा चिठ्ठ्या कित्येक महिने चिकटलेल्या होत्या आणि मेंटेनन्सची पावती मात्र पूर्ण रकमेची येत होती. तक्रार केली तेव्हा, तुमच्या मालकाला पत्र लिहायला सांगा, असे उत्तर मिळाले. मालक दुसऱ्या देशात होते. भाडेकरार कायदा भाडेकरूचे पाणी आणि वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतो. जिमला कुलूप लागले तर त्याने कोणाकडे दाद मागायची? ज्या सोयीच्या नावावर जास्त भाडे घेतले जाते ती सोय बंद पडल्यावर भाडे कमी होत नसेल, तर ते भाडे सोयीचे होते असे कसे म्हणायचे?

या सोयींमध्ये सगळ्यात बेपर्वा सोय मला पोहण्याच्या तलावाची वाटते. चेन्नईत २०१९ चा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले. ओएमआरवरच्या कंपन्यांनी माणसांना घरून काम करायला सांगितले. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पाण्याची रेल्वे शहरात आली. या पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्या टंचाई नसतानाही टँकरवर जगतात. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरच्या आत खोल असा मध्यम तलाव घेतला तरी तो एकदा भरायला एक लाख लिटरच्या वर पाणी लागते, म्हणजे बारा हजार लिटरचे नऊ टँकर. त्यानंतर उन्हाने रोज उडणारे आणि गाळणी धुताना जाणारे पाणी वेगळे. एका तलावामुळे शहर तहानलेले राहत नाही, हे मला कळते. पण जिथे घराघरांत नळाला येणारे पाणी विकतचे आहे, तिथे इमारतीच्या नकाशात आधी तलाव यावा आणि भाडेकरूने त्यासाठी जास्त पैसे मोजावेत, ही कोणती अक्कल? टंचाई आली की सर्वांत आधी तलावच बंद होतो, आणि व्हायलाच हवा. बंद तलावाचे भाडे मात्र चालूच राहते.

आता मुख्य दावा, की सोय असली की माणूस निरोगी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. या मध्यम श्रमात झपाझप चालणे येते. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटे चालण्यासाठी कोणते यंत्र लागते? लागतो तो चालण्याजोगा रस्ता. ओएमआरवरच्या उंच सोसायटीतल्या माणसाचा दिवस पाहा. लिफ्टने तळघरात, तिथून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या तळघरात, पुन्हा लिफ्ट. दूध, भाजी, औषध सगळे दारात येते. शरीराला जे दिवसभरात आपसूक मिळायला हवे होते ते सगळे काढून घ्यायचे आणि मग त्यातला तुकडा काचेच्या खोलीत यंत्रावर परत विकायचा, याला आरोग्याची सोय म्हणतात!

खरा पुरावा चेन्नईतच आहे. मधुमेहावर काम करणाऱ्या इथल्या संशोधकांनी १९९६ च्या सुमारास शहरातल्या दोन वस्त्यांचा अभ्यास सुरू केला. तिरुमंगलमची मध्यमवर्गीय आशियाड कॉलनी आणि टी. नगरमधले गरिबांचे भारती नगर. आशियाड कॉलनीतल्या लोकांना आपल्या रक्तातली साखर आणि रक्तदाब कळला, संशोधकांनी व्यायामाचे महत्त्व समजावले, आणि लोकांनी स्वतः पैसे काढून वस्तीत एक उद्यान उभे केले. आठवड्यात तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण तिथे १४.२ टक्क्यांवरून ५८.७ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा मधुमेहाचे प्रमाण आशियाड कॉलनीत १२.४ वरून १५.४ टक्के झाले होते, आणि भारती नगरमध्ये ६.५ वरून १५.३ टक्के. दोन वस्त्यांमधले फरक अनेक आहेत, सगळे श्रेय उद्यानाला देता येणार नाही. पण दोन गोष्टी या आकड्यांतून टाळता येत नाहीत. माणसांना चालते करायला एक मोकळी, सर्वांची, चालत गाठता येणारी जागा आणि शेजाऱ्यांची सोबत पुरली. आणि ज्या वस्तीत तशी जागा उभी राहिली नाही तिथे आजार दुपटीहून वाढला. त्या भारती नगरचे काय करायचे, याचे उत्तर क्लबहाऊसच्या जाहिरातीत आहे का?

तिसरा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यातल्या कत्तिरी वेयिलमध्ये, म्हणजे ऐन अग्निनक्षत्राच्या दिवसांत, दुपारी बाहेर व्यायाम करा असे कोणीच म्हणत नाही. चेन्नईच्या माणसाने उन्हाशी केव्हाच समझोता केला आहे. पहाटे पाचला मरीनावर कामगार पुतळ्यापासून दीपगृहापर्यंत जा. मैलापूरच्या नागेश्वरराव पार्कात जा, बेझंट नगरच्या किनाऱ्यावर जा. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून चालणाऱ्या सत्तरीतल्या आजी तिथे आहेत, दुकान उघडण्याआधी फेऱ्या मारणारे व्यापारी आहेत, घाम गाळणारे पोलीस भरतीचे उमेदवार आहेत. ऊन त्यांनाही लागते. त्यांच्याकडे सावलीची झाडे आणि पाय टाकायला जागा आहे, म्हणून ते चालतात. ओएमआरवरच्या माणसाकडे ती जागा नाही.

चौथा मुद्दा स्त्रियांच्या सुरक्षिततेचा. या एका मुद्द्यापुढे मी थांबतो. रात्री नऊला कामावरून आलेल्या मुलीला निर्धास्तपणे अर्धा तास व्यायाम करता यावा म्हणून ती जिम असलेल्या इमारतीत राहात असेल, तर तिला मी बोल लावणार नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. मेंटेनन्स भरू शकते तीच मुलगी सुरक्षित राहणार का? त्याच इमारतीत सकाळी धुणीभांडी करायला येणारी बाई, त्याच जिमची फरशी पुसणारी बाई, रस्त्यानेच घरी जाते. तिला त्या ट्रेडमिलवर पाय ठेवायची परवानगी नाही. रस्ता असुरक्षित आहे हे मान्य असेल तर मागणी रस्त्यावरच्या दिव्यांची, फुटपाथची, गस्तीची व्हायला हवी. कुंपण उंच केल्याने कुंपणाबाहेरची एकही बाई सुरक्षित झालेली नाही.

आणि शेवटचा मुद्दा, महापालिकेला जमत नाही. जमते, हे चेन्नईने दाखवले आहे. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना प्राधान्य देणारे धोरण या शहराने २०१४ मध्येच स्वीकारले. २०१९ मध्ये टी. नगरच्या पाँडी बाजारात गाड्यांची जागा कमी करून रुंद पदपथ आले, आणि आज तिथे घरची म्हातारी माणसेही निवांत चालतात. महापालिकेच्या उद्यानांत व्यायामाची साधने आहेत, मरीनावर पोहण्याचा तलाव आहे. बांधकामाच्या नियमांतही तरतूद आहे. दहा हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना दहा टक्के जमीन मोकळी जागा म्हणून सार्वजनिक वापरासाठी द्यावी लागते. ओएमआरवर असे भूखंड थोडेथोडके नाहीत. मग त्या मोकळ्या जागा कुठे आहेत, त्यांची दारे कोणत्या रस्त्यावर उघडतात, तिथे कोण जाऊ शकते, हे तिथल्या रहिवाशांपैकी किती जणांनी विचारले? विचारत नाहीत, कारण ज्याच्या इमारतीत जॉगिंग ट्रॅक आहे त्याला फुटपाथ नसल्याचे दुःख उरत नाही. ज्याच्याकडे पूल आहे तो सार्वजनिक तलावाबद्दल तक्रार करत नाही. महापालिकेला पत्र लिहू शकणारा, नगरसेवकाला गाठू शकणारा, वर्तमानपत्रात आवाज उठवू शकणारा वर्ग कुंपणाच्या आत समाधानी झाला की बाहेरचा रस्ता पोरका होतो. महापालिकेला जमत नाही असे म्हणणाऱ्यांनीच तिच्याकडे मागणे थांबवले आहे.

आपण मराठी माणसांनी तर हा सल्ला पुढे सरकवताना लाज वाटून घ्यायला हवी. गिरणगावातल्या चाळी भाड्याच्याच होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे राहायची, आणि तरी लालबाग-परळच्या वस्त्यांनी व्यायामशाळा आणि कबड्डीचे संघ उभे केले. ते चाळीच्या मालकाने भाड्यात दिले नव्हते, वस्तीने वर्गणी काढून चालवले होते. कोल्हापूरच्या तालमी पेठांच्या आहेत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. शरीर कमावणे हे सार्वजनिक काम आहे असे मानणाऱ्या लोकांचे आपण वारस. चेन्नईत येऊन आपण त्याचे भाडे भरायला शिकलो.

आणि चेन्नईलाही ही परंपरा नवी नाही. उत्तर चेन्नईच्या कामगार वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुष्टियोद्धे घडवले, व्यासरपाडीच्या गल्ल्यांनी फुटबॉलपटू घडवले. ओएमआरवरच्याच तोरैपाक्कमजवळ कण्णगी नगर आहे. नदीकाठच्या आणि शहरातल्या झोपड्या उठवून तिथली माणसे या वसाहतीत आणून टाकली गेली. तिथली कबड्डीपटू कार्तिका २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बहरीनला आशियाई युवा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय मुलींच्या संघात होती. काचेच्या जिमांच्या त्या रस्त्यावर देशाला सुवर्ण मिळवून देणारी खेळाडू एका मैदानाने दिली. मैदानांवर पैसा खर्च झाला असता तर अशा किती जणी पुढे आल्या असत्या?

म्हणून चेन्नईत घर शोधणाऱ्या मराठी मुलामुलींना माझे सांगणे उलट आहे. घर बघायला जाल तेव्हा क्लबहाऊस शेवटी बघा. आधी फाटकाबाहेर या आणि दहा मिनिटे चाला. फुटपाथ आहे का, सावली आहे का, बसथांबा, भाजीवाला, उद्यान चालत गाठता येते का, रात्री दिवे लागतात का, पाणी नळाचे की टँकरचे, हे विचारा. कार्पेट क्षेत्रफळ किती, मेंटेनन्समध्ये क्लबहाऊसचा वाटा किती, ते करारात लिहून मागा. आधीच अशा सोसायटीत राहात असाल तर दोन गोष्टींसाठी भांडा. जिम आणि पूल यांचे पैसे वापरणाऱ्याने वेगळे भरावेत, आणि जो मेंटेनन्स भरतो त्याला त्या खर्चाबद्दल बोलण्याचा अधिकार असावा. मग मालक आणि भाडेकरू मिळून महापालिकेच्या दारात जा आणि फुटपाथ मागा, मोकळ्या जागांचे कुलूप उघडायला लावा. व्यायाम करा, जरूर करा. पण आपल्या तब्येतीची जबाबदारी बिल्डरच्या माहितीपत्रकाकडे सोपवू नका. चालता येण्याजोगा रस्ता, बसता येण्याजोगे उद्यान आणि खेळता येण्याजोगे मैदान हा शहरात राहणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे, मालकाचा आणि भाडेकरूचा, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा आणि त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईचा. हा हक्क कोणी आपल्याला दरमहा भाड्याने देत असेल, तर आपण तो नाकारला पाहिजे आणि शहराकडून पूर्ण वसूल केला पाहिजे.